विश्लेषण : पालिकेतील हेवेदावे नियमांच्या आडून कसे चालतात?

नागपूरला पाणी पुरवणाऱ्या कन्हान नदीकाठचे कन्हान-पिपरी हे पारशिवनी तालुक्यातील गाव ग्रामपंचायतीतून नगरपरिषद झाले. अशा छोट्या शहरांत पदाधिकारी आणि अधिकारी रोज एकमेकांसमोर येतात. त्यांच्यात बिनसले, तर त्याची झळ थेट नळ, नाली आणि घरकुलाच्या फायलीला बसते.

वाद व्यक्तींचा की रचनेचा?

दोन्हींचा. नगराध्यक्ष लोकांमधून निवडून येतात, तर मुख्याधिकारी राज्य शासन नेमते. सर्वसाधारण सभा ठराव करते, पण अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांच्या हाती असते. त्यात नगराध्यक्ष निवडीची पद्धतही वारंवार बदलली. २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडणुकीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे होऊ शकते. मग दोघेही ‘जनतेने आम्हालाच कौल दिला’ असे सांगतात आणि दोघांचेही खरे असते.

कुरघोडीची साधने कोणती?

नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या कायद्यानुसार चालतो. ठराव बेकायदा वा लोकहिताविरुद्ध वाटल्यास जिल्हाधिकारी कलम ३०८ नुसार त्याला स्थगिती देऊ शकतात. गैरवर्तन किंवा कर्तव्यातील कसुरीसाठी शासन कलम ५५-अ खाली नगराध्यक्षांना हटवू शकते. अनधिकृत बांधकामावरून सदस्य अपात्र ठरू शकतो. या तरतुदी गैरकारभार रोखण्यासाठी आहेत. मात्र प्रतिस्पर्ध्याच्या घराचे माप नेमके वादानंतरच घेतले जाते, तेव्हा शंका येते. अधिकाऱ्याविरुद्ध चालणारी साधने वेगळी : चौकशीची मागणी, सभेत कोंडी आणि बदलीसाठी मुंबईवारी.

नागपुरात काय घडले?

तुकाराम मुंढे जानेवारी २०२० मध्ये नागपूर महापालिकेचे आयुक्त झाले. महापौर संदीप जोशी यांच्याशी त्यांचा संघर्ष करोनाकाळात टिपेला पोहोचला. २० जून रोजी मुंढे सर्वसाधारण सभा सोडून निघून गेले. त्यानंतर महापौरांनी स्मार्ट सिटी कंपनीच्या कारभाराबाबत त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. मुंढे यांनी आरोप फेटाळले. २६ ऑगस्ट रोजी, सात महिन्यांतच, त्यांची बदली झाली. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईत त्यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला होता. तरी सरकारने त्यांना लगेच हटवले नाही. बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. म्हणजे सभागृहात बहुमत कितीही असो, शेवटचा शब्द मंत्रालयाचाच.

न्यायालयाची भूमिका काय?

नळदुर्ग नगरपरिषदेच्या उपाध्यक्षांना अनधिकृत बांधकामावरून हटवण्यात आले होते. जिल्हाधिकाऱ्यांपुढील हे प्रकरण मंत्र्यांनी स्वतःहून आपल्याकडे घेतले होते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. निवडून आलेल्या सदस्यांना सनदी अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या राजकीय धन्यांच्या लहरीवर हटवता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जमिनीवरील घरात राहत असल्याच्या तक्रारीवरून अपात्र ठरवले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. पण त्या निवडून आल्या होत्या फेब्रुवारी २०२१ मध्ये. पाच वर्षांच्या मुदतीतील साडेतीन वर्षे तोवर सरली होती. हेवेदाव्याच्या राजकारणात खटला जिंकावाच लागतो असे नाही, तो लांबला तरी पुरते.

कारवाई आणि सूड यांतील फरक कसा ओळखावा?

तीन प्रश्न उपयोगी पडतात. तक्रार केव्हा झाली? तशाच चुकीसाठी स्वपक्षीयांवरही कारवाई झाली का? संबंधिताला म्हणणे मांडायला पुरेसा वेळ मिळाला का? प्रत्येक नोटीस सुडाची नसते आणि ‘सूड’ म्हटल्याने अनधिकृत मजला अधिकृत होत नाही. त्यामुळे उत्तर कागदांत शोधावे लागते. सभेचे इतिवृत्त, स्थगितीचा आदेश आणि नोटिसांच्या तारखा माहिती अधिकारात मागता येतात. कन्हानच्या नागरिकाला त्यासाठी कुणाची बाजू घेण्याची गरज नाही. नालीचे काम कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीवाचून थांबले, एवढे विचारले तरी भांडणाची खरी किंमत समोर येते.