तारा न जोडलेले मूत्रपिंड

मेंदू हा राजा, मज्जातंतू हे त्याचे जासूद आणि बाकीचे सारे अवयव हुकमाचे ताबेदार, असे एक चित्र शाळेपासून आपल्या मनात ठसलेले असते. ते पुसायला हवे असे माझे मत आहे. आणि त्यासाठी रोपण केलेल्या मूत्रपिंडाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक याचे एक मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला, बसवले. जोडण्या तीनच: धमनी, शीर आणि मूत्रवाहिनी. मज्जातंतू तुटले ते तुटलेच. धमनीभोवती जाळ्यासारखे पसरलेले ते सूक्ष्म धागे आजही शल्यविशारद जोडत नाहीत. तरीही रिचर्ड आठ वर्षे जगला.

हे कसे घडते? येथे माझा विषय, म्हणजे पदार्थविज्ञान, मदतीला येतो. मूत्रपिंडातील गाळणी रक्ताच्या दाबावर चालते. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक पुन्हा शोषला जाऊन दीडेक लिटर मूत्र उरते. दाब वाढला की गाळणीकडे जाणारी बारीक धमनी ताणली जाते आणि आपणहून आकसते. त्यामुळे प्रवाह फारसा बदलत नाही. मेंदूला विचारावे लागत नाही. पाणी किती राखायचे हा निरोप मेंदूकडून येतो खरा, पण संप्रेरकाच्या रूपाने, रक्तातून. पोस्टाने म्हणा, तारेने नव्हे!

मग मज्जातंतू निरुपयोगी? विद्यार्थी मित्रांनो, इतकी घाई नको. ते कापल्यास मूत्र वाढते, हे क्लोद बर्नार यांना १८५९ मध्येच दिसले होते. हे तंतू शरीरात मीठ आणि पाणी राखून ठेवायला लावतात, रक्तदाब चढवतात. म्हणूनच हट्टी रक्तदाबावर उपाय म्हणून धमनीच्या आतून हे तंतू निकामी करणाऱ्या उपकरणांना अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रोपण केलेल्या मूत्रपिंडात काही काळाने नवे तंतू वाढलेले सूक्ष्मदर्शकाखाली आढळले आहेत. ते कितपत काम करतात यावर मात्र तज्ज्ञांचे एकमत नाही.

शिक्षकांनी मज्जासंस्थेचा धडा संपवताना हे मूत्रपिंड वर्गापुढे जरूर ठेवावे. आणि सोबत ही गंमतही सांगावी: रोग्याची स्वतःची निकामी मूत्रपिंडे बहुधा पोटातच ठेवतात. त्यांच्या तारा शाबूत असतात, आणि त्यांतून मेंदूकडे जाणारे संदेश रक्तदाब वाढवायला हातभार लावत राहतात.