शेतकऱ्याचा प्रश्न आणि बाजाराचे कान

वसमत तालुक्यातील कुरुंदा परिसर हळदीचा. येथील शेतकऱ्याला करप्यावरील उपाय किंवा बाजारभाव विचारण्यासाठी आता लिहिता-वाचता येण्याची अट उरलेली नाही. बोलून विचारावे आणि ऐकून घ्यावे, अशी साधने फोनमध्ये आली आहेत. राज्याच्या कृषी विभागानेही २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे मराठीतून सल्ला देणारे ॲप सुरू केले. ज्यांच्यापर्यंत शाळा पोहोचली नाही, त्यांच्यापर्यंत या मार्गाने ज्ञान पोहोचत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु प्रश्न हा विचारणाऱ्याविषयी पुष्कळ सांगून जातो. 'हळद आज विकू की थांबू?' आणि 'पीककर्जाची मुदत केव्हा संपते?' हे दोन प्रश्न शेजारी ठेवले की शेतकऱ्याची नड उघडी पडते. नड ओळखलेल्या खरेदीदारापुढे सौदा बरोबरीचा राहत नाही, हे सावकारीच्या इतिहासाने पुरेसे शिकविले आहे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत मोडून उघडा लिलाव यावा, म्हणून बाजार समित्यांचे कायदे झाले. भाव सर्वांना कळावा हे त्यामागील तत्त्व होते; विकणाऱ्याची अडचणही सर्वांना कळावी, असे कोणी म्हटले नव्हते.

हा धोका काल्पनिक नाही. पालकांनी पुसण्यास सांगूनही अलेक्सावरील मुलांची माहिती राखून ठेवल्याच्या आरोपावरून ॲमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मात्र अनुदान, लाभ वा सेवा देताना काही अटींवर नव्याने संमती न घेता माहिती वापरण्याची मुभा याच कायद्याने शासनाला दिली आहे. ज्याला शासकीय सेवेची गरज अधिक, त्याचेच संरक्षण सैल, असा याचा अर्थ होतो.

उपयुक्तता हवी तर खासगीपण सोडा, हा युक्तिवाद फसवा आहे. करप्यावर औषध सांगण्यास पीक, लक्षणे आणि तालुका एवढे पुरेसे असते. त्यासाठी आधार क्रमांक आणि जपून ठेवलेला आवाज लागत नाही. उत्तर दिल्यावर ध्वनिमुद्रण पुसले जावे. यंत्र सुधारण्यासाठी ते हवे असल्यास सोप्या मराठीत वेगळे विचारावे आणि नकार देणाऱ्यालाही तेच उत्तर मिळावे. व्यापारी, विमा कंपन्या व कर्ज देणाऱ्या संस्था यांच्या हाती ही माहिती जाण्यास सक्त बंदी हवी. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या सेवेने हा दंडक प्रथम स्वतःला लावून घ्यावा. तरच खासगी कंपन्यांकडून त्याचे पालन करून घेण्याचा नैतिक अधिकार शासनाला राहील.