शेंदुरसनीच्या 27 हजार नोंदी आणि पारधी बेड्यावरची माणसे

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे एक छोटे गाव आहे. लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास. या गावच्या ग्रामपंचायतीच्या नावावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी संगणक प्रणालीत, सप्टेंबर ते नोव्हेंबर 2025 या तीन महिन्यांत 27 हजारांहून अधिक जन्म नोंदले गेले! डिसेंबरमध्ये प्रकार उघडकीस आला, सायबर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. इतक्या बाळंतिणी शेंदुरसनीतच काय, अख्ख्या आर्णी तालुक्यातही त्या तीन महिन्यांत झाल्या नसतील. तेव्हा लबाडी झाली, यात वाद नाही. वाद पुढचा आहे.

तपास धड सुरू होण्याआधीच काहींनी निकाल जाहीर करून टाकला. हे सगळे बांगलादेशी आणि रोहिंगे! भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी 2025 च्या सुरुवातीपासून मालेगाव, अमरावती, अकोला येथील उशिराच्या जन्मदाखल्यांवरून हीच मोहीम चालविली होती. तिला शेंदुरसनी आयतीच सापडली. लॉगिन कोणाच्या हाती गेले, कसे गेले, दाखल्यामागे किती पैसे उकळले, हे खरे प्रश्न मागे पडले आणि जणू 27 हजार घुसखोर आर्णीच्या बाजारात फिरत आहेत, अशी हवा तयार करण्यात आली. अहो, संगणकातली नोंद म्हणजे गावात आलेला माणूस नव्हे. ती नोंद आर्णी कधी न पाहिलेला माणूसही हजार मैलांवरून करू शकतो.

आमची भूमिका आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. देशात कोणी यावे, कोणी राहावे हे ठरविण्याचा अधिकार सरकारला आहे. खोट्या दाखल्यांचा धंदा करणारा तुरुंगातच गेला पाहिजे. पण अमका परकी आहे हे पुराव्याने ठरवावे लागते, आरोळीने नव्हे. संविधानाचे कलम 14 आणि 21 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते. चकमा निर्वासितांना हुसकावून लावण्याच्या धमक्या दिल्या जात होत्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अरुणाचल प्रदेश सरकारला हेच बजावले होते. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि आश्रय मागणाऱ्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या परकीय नागरिक कायद्याने 1946 च्या कायद्यातली जुनी तरतूद तशीच ठेवली आहे: मी परकी नाही, हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचे.

आता हा भार कोणाच्या डोक्यावर पडतो ते पाहा. ज्याचा आजा सातबाऱ्यावर आहे, बाप सरकारी नोकरीत होता, त्याला दोन दिवसांत दहा कागद सापडतात. पारधी बेड्यावर जन्मलेल्या पोराचे काय? कोलामाच्या पोडावर घरीच बाळंत झालेल्या बाईचे काय? पुसद, महागावकडून ऊसतोडीला गेलेल्या बंजारा बाईला फडावर मूल झाले, तर ते कोणत्या रजिस्टरात शोधायचे? कायद्याने नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 2023 च्या दुरुस्तीने हा अधिकार न्यायालयाकडून कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आला आणि गरिबाची कोर्टाची पायपीट वाचेल असे वाटले. त्याच दुरुस्तीने 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा शाळेपासून मतदार यादीपर्यंत सगळीकडचा कागद केला. आणि जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने वर्षाहून जुन्या नोंदींचे दाखले देणेच काही काळ थांबविले! मार्चमध्ये नवे नियम आले, त्यात पोलिसांचा अभिप्राय बंधनकारक झाला.

पारध्याला पोलिसांचा अभिप्राय! ज्या जमातीला इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले, 1952 मध्ये तो कायदा गेला तरी चोरी झाली की ज्यांचा बेडा आधी झडतो, त्यांनी आता आपण इथलेच आहोत हे ठाण्यातून लिहून आणायचे. मुंबईत बसून घुसखोरांवर बोलणाऱ्यांना हे दिसत नाही. दिसले तरी त्यांचे काय जाते?

हा वाद नवा नाही, आणि आपल्या विदर्भाला तर मुळीच नवा नाही. ऑगस्ट 1949 मध्ये घटना समितीत नागरिकत्वाची कलमे बाबासाहेबांनी मांडली, तेव्हा अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी, अन्य देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शिखाला भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती सुचविली होती. भाऊसाहेबांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी जे केले त्याबद्दल आम्हांला आदरच आहे. पण या मुद्द्यावर घटना समितीने त्यांचे ऐकले नाही हे बरेच झाले. कलम 6 मध्ये पाकिस्तानातून आलेल्यांसाठी 19 जुलै 1948 ही तारीख आहे, धर्माचा रकाना नाही. 2019 च्या दुरुस्तीने तो रकाना आणला.

बाबासाहेबांना निर्वासितांचे दुःख कळत नव्हते काय? 1946 मध्ये जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या नमोशूद्रांनी त्यांना घटना समितीत पाठविले. फाळणीत त्याच लोकांचा मुलूख पाकिस्तानात गेला. डिसेंबर 1947 मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून दोन तक्रारी केल्या: पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना हलक्या कामांसाठी अडवून धरते, त्यांना निघू देत नाही, आणि जे इकडे येतात त्यांच्याकडे इथले अधिकारी लक्ष देत नाहीत. पुढे याच नमोशूद्रांपैकी अनेक कुटुंबे यवतमाळच्या शेजारी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसविली गेली. आज मुलचेरा, चामोर्शीकडे त्यांची गावे आहेत. निर्वासितांच्या नावाने राजकारण खूप झाले, पण महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नमोशूद्र नाहीत, म्हणून त्यांच्या मुलांना जातीचा दाखला मिळत नाही. त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढला?

राहिला प्रश्न अशी टोकाची मते ऐकून घेण्याचा. घुसखोरांचे भय दाखवणाऱ्याला बोलू द्यावे, असे आम्ही म्हणतो. मत कितीही कडू असो, त्याला उत्तर देता येते. धमकीला उत्तर देता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92 व्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावले होते. इंग्रजीत लिहिणारी बाई कशाला, म्हणून मनसेच्या स्थानिक नेत्याने संमेलन उधळण्याचा इशारा दिला. राज ठाकरे यांनी नंतर आपला विरोध नसल्याचे सांगितले खरे, पण आयोजकांनी तोवर निमंत्रण मागे घेतले होते. अखेर उद्घाटन शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातील वैशाली येडे यांनी केले, आणि तो मान त्यांचाच होता. परंतु तो एका पाहुण्या बाईला दारातून परत पाठवून द्यावा लागावा, हे या जिल्ह्याला शोभले नाही. धमकीपुढे मान तुकवणारे आयोजक एक वेळ समजू शकतात. आरोपालाच पुरावा मानून गरिबाचा अर्ज बाजूला टाकणारा अधिकारी आम्ही समजून घेणार नाही.

शेंदुरसनीच्या नावावरचे दाखले कोणी, कोणाला आणि किती रुपयांना विकले, ते तपास पथकाने जनतेपुढे मांडावे. जिल्हाधिकाऱ्यांनी पारधी बेडे, कोलाम पोड आणि तांड्यांवर जन्मनोंदणीची शिबिरे लावावीत, आणि ज्या तहसीलदाराला अर्ज नाकारायचा असेल त्याने कारण लेखी द्यावे.