पाती जपली, हातांचे काय?

खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या समाजाला शस्त्र पूज्य कसे असू शकते, हे समजावून सांगावे लागत नाही. जपानी तलवारीची कहाणी वाचताना मी मात्र थबकतो तो तिच्या धारेपाशी नव्हे, तर ती घडवणाऱ्या हातांपाशी.

या तलवारीत कारागिरी आहे ती अशी. लोहवाळू आणि कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री जाळून ‘तामाहागाने’ हे पोलाद काढतात. लोहार ते दुमडून ठोकतो, पुन्हा दुमडतो. दहा घड्यांत हजारावर थर होतात. मग पात्याला मातीचा लेप देतात, पाठीला जाड, धारेला पातळ. तापलेले पाते पाण्यात बुडवले की धार झटकन निवून कठीण होते, पाठ सावकाश निवून चिवट राहते. धारेलगत उमटणारी धुकट रेषा म्हणजे ‘हामोन’. ती उजळणारा कारागीर निराळाच असतो.

ही विद्या दोनदा बुडता बुडता वाचली. १८७६ मध्ये जपानी सरकारनेच कमरेला तलवार लावण्यावर बंदी घातली आणि लोहारांचे गिऱ्हाईक गेले. १९४५ च्या पराभवानंतर दोस्तांच्या फौजांनी शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला. ‘होंजो मासामुने’ ही विख्यात तलवार तेव्हा टोकियोतल्या पोलीस ठाण्यात जमा झाली, तिचा आजतागायत पत्ता नाही. होन्मा जुंजी यांच्यासारख्या जाणकारांनी या तलवारी कलावस्तू आहेत हे अमेरिकी अधिकाऱ्यांना पटवले, म्हणून कितीतरी पाती वाचली.

शस्त्राचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आज ही तलवार कोणावर उगारण्यासाठी घडत नाही. जपानने नुसती जुनी पाती काचेच्या कपाटात ठेवली नाहीत. १९७७ मध्ये शिमाने प्रांतात पारंपरिक भट्टी पुन्हा पेटवली. लोहाराला परवान्याआधी गुरूकडे पाच वर्षे उमेदवारी करावी लागते. मला हे मोलाचे वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. परवाना मिळाल्यावरही लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. दर्जा राखण्यासाठी हे ठीक. पण पाच वर्षे घाम गाळलेल्या तरुणाने त्यावर संसार कसा चालवावा? कला जपायची, तर कलावंताची चूलही पेटती राहायला हवी.

आपल्या दख्खनच्या ‘उक्कू’ पोलादाची कीर्ती एके काळी इराणपर्यंत होती. त्याची पाती आजही संग्रहालयांत दिसतात. ते पोलाद काढणाऱ्या भट्ट्या मात्र इंग्रजी अमदानीत विझल्या आणि बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या तिथेच थांबली. पाती आपल्यापाशीही उरली. हात उरले नाहीत.