श्रवण मंदावले तरी स्वर उरतो

जराजन्य बाधिर्याच्या रुग्णाची आपल्या चिकित्सालयात बहुधा दोनच प्रकारे बोळवण होते. एकतर "वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच" असे सांगितले जाते, नाहीतर कर्णपूरणाच्या तेलाची बाटली हाती देऊन पुन्हा पूर्ववत ऐकू येईल अशी आशा लावली जाते. या दोहोंहून अधिक प्रामाणिक व अधिक उपयुक्त असा एक मार्ग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उतारवयात गेलेली श्रवणशक्ती परत आणणे आपल्या हाती नाही. घरातले गाणे मात्र त्या वृद्धास पुष्कळ अंशी परत मिळवून देता येते, आणि तो चिकित्सेचाच भाग मानला पाहिजे.

शनिवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत हा प्रश्न प्रकर्षाने जाणवतो. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सव पुढे अनेक वर्षे याच पेठेतील रमणबागेच्या प्रांगणात भरत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगरला भरू लागला. पुण्याचे आकाशवाणी केंद्रही १९५३ चेच. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये याच केंद्रावरून प्रसारित झाले. त्या मंडपात रात्री जागवलेली, त्या रेडिओभोवती बालपणी जमलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्याशी थोडे निवांत बोलले की एक तक्रार हमखास निघते. गाणे ऐकणे सोडून दिले. आवाज लहान ठेवला तर कळत नाही, मोठा केला तर कर्कश लागतो आणि घरातले रागावतात. संधिवात, मलावष्टंभ, निद्रानाश यांच्या नोंदींत या तक्रारीला आपल्या केसपेपरवर क्वचितच जागा मिळते.

या तक्रारीमागील कारण समजून घेतले तर उपायही सुचतो. जराजन्य श्रवणऱ्हासात अंतःकर्णातील कॉक्लिआच्या तळाकडील केशपेशी प्रथम क्षीण होतात, आणि हाच भाग उच्च कंप्रतेच्या ध्वनींचे ग्रहण करतो. 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यतः या उच्च ध्वनींवर अवलंबून असते. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण शब्द उमगत नाही. पुरुष गायकाचा षड्ज मात्र साधारणतः १३० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्री गायिकेचा २०० हर्ट्झच्या पुढे. आलापातील स्वर, मींड, डग्ग्याचा घुमारा हे सारे तुलनेने खालच्या, बहुधा शाबूत राहिलेल्या पट्ट्यात येतात. टाळ-झांजांची किणकिण आणि तंबोऱ्याच्या जवारीची वरची झळाळी उणावते, परंतु गाण्याचा कणा टिकून असतो. रुग्णाने गाणे संपले असे समजून जे सोडले, त्यातील बराचसा ऐवज अजून त्याच्याजवळच असतो.

आवाज वाढवणे हा मात्र यावरील उपाय नव्हे. क्षीण झालेल्या कानात मंद ध्वनी पोहोचत नाही आणि मोठा ध्वनी एकाएकी असह्य होतो. ऐकू येणे व टोचणे यांतील अंतरच कमी झालेले असते. चरकाचार्यांनी मेघगर्जना, पटह इत्यादींचे अतिश्रवण हा शब्दाचा अतियोग म्हणून सांगितला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही श्रवणयंत्रणांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही प्रौढांसाठीची मर्यादा सुचवली आहे. उरलेल्या केशपेशींचे रक्षण हे पहिले पथ्य होय.

आता तेलाविषयी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नित्य कर्णतर्पणाचे फल सांगताना बाधिर्य आणि 'उच्चैःश्रुति', म्हणजे मोठ्याने बोलले तरच ऐकू येणे, हे दोन्ही होत नाहीत असे म्हटले आहे. हे विधान दिनचर्येच्या प्रकरणातील आहे. ते प्रतिबंधाचे आहे, नष्ट झालेले श्रवण परत आणण्याचे नव्हे. वृद्धांचे व चिरकालीन बाधिर्य वर्ज्य मानण्याची परंपरा आपल्याच ग्रंथांत आहे. मानवी कॉक्लिआतील नष्ट केशपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत, हे आधुनिक ज्ञानही त्याच दिशेने बोट दाखवते. औषधालयांच्या मालकबंधूंनी येथे एक बाब ध्यानी ठेवावी. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत बहिरेपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. बिल्वतैल अवश्य विकावे. 'बहिरेपणा बरा' अशी पाटी किंवा पत्रक मात्र कायद्याने निषिद्ध आहे. त्या पाटीवर विश्वास ठेवून वर्ष-दोन वर्षे तेल घालत बसलेला वृद्ध तेवढा काळ तपासणीवाचून आणि गाण्यावाचून राहतो, ही त्याहून मोठी हानी आहे.

म्हणून प्रथम कान पाहावा. मळ साठला असल्यास तो काढवून घेतल्यानेही पुष्कळांना फरक पडतो. कर्णस्राव असेल किंवा कर्णपटलास छिद्र असेल, तर कर्णपूरण करू नये. एका कानाचे श्रवण एक-दोन दिवसांत एकाएकी गेले असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता कर्णतज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे पहिल्या काही दिवसांतील उपचारांवरच पुष्कळ काही अवलंबून असते. अन्य सर्वांचा ऑडिओग्राम करवून घ्यावा. त्या आलेखावरून कोणता पट्टा उरला आहे ते दिसते आणि रुग्णाला ते दाखवून समजावता येते.

त्यानंतर श्रवणाचे पथ्य लिहून द्यावे. मोबाईलच्या इवल्या स्पीकरवर गाणे ऐकू नये. त्यात खालचे स्वर उमटत नाहीत आणि वरचे वयाने नेलेले असतात, म्हणजे हाती फारसे काहीच उरत नाही. मध्यम आकाराचा बरा स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवून चार-पाच फुटांवर बसावे, पंखा व दूरदर्शन बंद असावेत. वाड्यांच्या जागी आलेल्या सदनिकांत फरशी व उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो. सतरंजी आणि जाड पडदा यांनीही स्वर स्वच्छ होतो. आरंभ ओळखीच्या गाण्यापासून करावा. ज्याला गीतरामायण मुखोद्गत आहे, त्याची निसटलेली व्यंजने स्मृतीच भरून काढते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे ध्वनिमुद्रणही उपकारक ठरते, कारण त्यांत अतिउच्च ध्वनी मुळातच फारसे नव्हते; ऐकणाऱ्याचे त्यात नुकसान थोडे. प्रथम एकल गायन वा वादन, नंतर मोठा वाद्यवृंद, असा क्रम ठेवावा. सकाळी वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. पहिले काही दिवस गाणे परके वाटेल, हेही आधीच सांगून ठेवावे.

श्रवणयंत्राविषयी आपल्याकडे अकारण संकोच आहे. ही यंत्रे मुख्यतः संभाषणासाठी जुळवलेली असतात. शिट्टी रोखणारी त्यांतील योजना बासरीच्या किंवा आलापाच्या लांब स्वरालाच शिट्टी समजून तो विस्कटते. "यंत्र लावून गाणे बेसूर लागते" ही तक्रार त्यामुळे खरी असते. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी निराळी जुळणी करवून घेता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते आपण सांगावे. कर्णपूरण केल्यास कान पूर्ण पुसून कोरडा झाल्यावरच यंत्र घालावे, अन्यथा तेलाने त्याचे सूक्ष्म छिद्र बुजते.

हा केवळ करमणुकीचा विषय आहे, असे कोणी म्हणेल. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत श्रवणदोषाची गणना केली आहे. ऐकू न येणारा माणूस प्रथम बोलणे कमी करतो, मग बैठकीतून उठतो, शेवटी आपल्या खोलीत एकटा राहतो. प्रसन्न आत्मा, इंद्रिये आणि मन हे स्वास्थ्याच्या व्याख्येतच समाविष्ट करणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी आहोत. तेव्हा वैद्यबंधू-भगिनींनी पुढच्या वृद्ध रुग्णाला आहार, निद्रा, मलप्रवृत्ती विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा: "आपण हल्ली गाणे ऐकता का?" उत्तर नकारार्थी आले, तर ती नोंद केसपेपरवर घ्यावी आणि तेथून चिकित्सेस प्रारंभ करावा.