अतिभारारोपण



दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटचे दोन ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर बैलगाडी येते. पेलेल त्याहून जास्त ओझं लादू नये, वेळेवर चारापाणी द्यावं. आता घरी बैल नाहीत, म्हणून हे दोन अतिचार आपल्याला लागू नाहीत असं वाटतं. मला तसं वाटत नाही.

2024 च्या सप्टेंबरात, आपलं पर्व संपत असतानाच, कोचीच्या एका आईचं पत्र देशभर पसरलं. तिची मुलगी अ‍ॅना सेबॅस्टियन, वय 26, सीए झालेली. मार्चमध्ये पुण्यात ईवाय या मोठ्या कंपनीच्या समूहात नोकरीला लागली आणि 20 जुलैला गेली. आईनं लिहिलं होतं की पोरगी रात्री एकच्या सुमारास खोलीवर पोचायची, छातीत आवळल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, झोप पुरत नाही, जेवण फार उशिरा होतं. सीएच्या पदवीदान समारंभाच्या दिवशीही ती दुपारपर्यंत काम करत होती. अंत्यसंस्काराला कंपनीतलं कोणी आलं नाही. कंपनीनं दुःख व्यक्त केलं, मात्र कामाच्या ताणानं मृत्यू झाला हे मान्य केलं नाही. तो वाद बाजूला ठेवला, तरी ओझं आणि उपाशी पोट या दोन गोष्टी उरतातच.

त्याच दिवसांत अर्थमंत्री निर्मला सीतारामन चेन्नईत कोणाचं नाव न घेता म्हणाल्या की ताण सोसायची शक्ती घरच्यांनी मुलांना शिकवावी, ती अध्यात्मातून मिळते. आपल्यातल्या कित्येकींना हे पटलं. सामायिक कर, णमोकार म्हण, मन शांत होईल, असं आपणही मुलांना सांगतो. सांगावंच. पण सामायिक आपल्या कषायांसाठी आहे, साहेबाच्या लोभाला टेकू द्यायला नाही. ओझं वाहणाऱ्याला धर्म शिकवायचा आणि लादणाऱ्याला काहीच विचारायचं नाही, हे शास्त्राच्या उलट झालं. अतिचार लादणाऱ्याला लागतो, वाहणाऱ्याला नाही.

मी बी.कॉम. आहे, म्हणून जरा हिशेब मांडते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास ही मर्यादा होती. जादा कामाला दुप्पट दर, आणि असं काम तीन महिन्यांत 125 तासांपर्यंतच. समजा पगार 50,000 आणि महिन्याचे 26 दिवस. 9 तासांनी एका तासाचे 214 रुपये पडतात. मुलगी 14 तास बसली तर तेच 137 होतात. जादाचे 130 तास दुप्पट दरानं धरले तर 55,000 च्या वर रक्कम होते, म्हणजे पगारापेक्षा जास्त. तिमाहीची मर्यादा तर एका महिन्यातच ओलांडली. मोठ्या हुद्द्यावरचे लोक या कायद्याबाहेर राहतात, हे खरं. पण नवख्या मुलांच्या हातात कसला आलाय अधिकार? पॅकेजचा आकडा ऐकून आपण पेढे वाटतो, तेव्हा तास किती हे विचारतच नाही.

कामगार खात्याचे अधिकारी नंतर त्या पुण्याच्या कार्यालयात गेले. 2007 पासून चालणाऱ्या त्या जागेची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती, असं त्यांनी सांगितलं. आपल्या धाराशिवच्या बाजारात साध्या किराणा दुकानातही शॉप अ‍ॅक्टचा कागद फ्रेम करून लावलेला असतो!

आता आपल्या हातात काय आहे? धाराशिव, कळंब, भूम, उमरगा, सगळीकडची पोरं पुण्याला जातात. फोनवर "पगार झाला का" याआधी "किती वाजता सुटलास, केव्हा जेवलीस" हे विचारा. सूर्यास्ताआधी जेवणाची सवय लावलेली लेक रात्री साडेअकराला डबा उघडत असेल, तर नियम मोडला म्हणून तिच्यावर रागावू नका. तिला जेवायला उठू न देणाऱ्याचा विचार करा. "नोकरी सोडून घरी येते" असं ती म्हणाली, तर "लोक काय म्हणतील" हे तोंडातून निघू देऊ नका.

आणि एक अवघड गोष्ट. आपल्यातल्या बऱ्याच घरांत दुकान आहे, आडत आहे, कोणाचं सीएचं ऑफिस आहे. दिवाळीच्या आठवड्यात तिथला नोकर किती वाजता जेवतो? मार्चअखेर लेखनिक पोरगी घरी कशी जाते? पुण्याच्या कंपनीला आपण बदलू शकत नाही. पण आपल्या दुकानातल्या माणसाला दुपारी एक वाजता "जा, आधी जेवून ये" असं सांगायला आपल्याला कोणाची परवानगी लागते?

कुंथलगिरीला जाऊन आपण हात जोडतो, वर्षातून एकदा सगळ्या जीवांची क्षमा मागतो. त्या जीवांत आपल्याकडे पगारावर असलेला जीवही येतो. त्याची क्षमा मागायची वेळच येऊ नये, इतकं तरी बघूया.