उशिरा येणारी दाद आणि चौथ्या आठवड्याचा हिशेब

भुताखेतांच्या चित्रपटांवर मी लिहावे याचे काही जणांना हसू येईल. आयुष्य कर्जाच्या फायली तपासण्यात गेले. पण गेल्या वर्ष-दीड वर्षात या विषयात असे काही आकडे दिसले की जुनी सवय जागी झाली.

13 सप्टेंबर 2024 ला ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात लागला. त्या रविवारी नात म्हणाली, "आजोबा, चला ना, एकटीला भीती वाटते." आम्ही गेलो. जागा शोधावी लागली, इतकी गर्दी. मध्यंतरात शेजारचा एक गुजराती मुलगा मित्राला सांगत होता की एवढा चांगला पिक्चर आधी कोणी पाहिला कसा नाही. बाहेर पडल्यावर सेव-उसळ खाताना आमच्या वहिनींचे मत पडले, "यात भूत कमी आणि सावकारीच जास्त." दोन्ही मते मला पटली. दुसरे तर फारच, कारण वाड्यात जाऊन नाणी आणणारा तो विनायकराव म्हणजे मुद्दल कुठून येते याचा विचार न करता उचल घेत राहणारा खातेदारच की!

पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. आधी ज्यांनी पाहिला नाही त्यांत मी एक होतो.

‘तुंबाड’ पहिल्यांदा आला 12 ऑक्टोबर 2018 ला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. आपल्या पिढीला त्यांच्या वडिलांचे नाव आठवेल, ‘थँक यू मिस्टर ग्लाड’वाले अनिल बर्वे. चित्रपटाची मूळ कल्पना नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेली आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारे. शूटिंग 2012 मध्ये सुरू झाले, खऱ्या पावसासाठी अनेक पावसाळे थांबून ते पुरे केले. प्रदर्शनाआधी व्हेनिस महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा शुभारंभ याच चित्रपटाने झाला, तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट. पुढे छायांकन, कला-दिग्दर्शन आणि ध्वनी यांसाठी फिल्मफेअरही मिळाले. एवढे असूनही पहिल्या दिवशीची देशातली कमाई एक कोटीला पोचली नव्हती आणि साऱ्या खेळांची मिळून ती 13-14 कोटींच्या आसपास थांबली, असे व्यापारी आकडे सांगतात. मी पेपरात जाहिरात पाहिली होती. निवृत्तीचे महिने जवळ आले होते, चार्ज देण्याची गडबड होती. खरे कारण मात्र वेगळे. पडद्यावर ओळखीचा चेहरा नाही, म्हणून गेलो नाही.

2024 मध्ये तोच चित्रपट लागला. फ्रेम तीच, आवाज तोच. कमाई झाली पहिल्या वेळच्या दुपटीहून जास्त. मधल्या काळात फरक पडला तो लोकांच्या मतात. ज्यांनी घरी मोबाइलवर पाहिला त्यांनी दुसऱ्याला सांगितले, त्याने तिसऱ्याला. सहा वर्षे हे चालले.

आता सगळे म्हणतात, बघा, चांगल्या कामाला शेवटी न्याय मिळतो. इथे माझ्यातला बँकवाला आडवा येतो. निर्माते सोहम शाह यांनी यात किती आणि कोणत्या व्याजाने पैसे घातले हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून नमुन्यादाखल साधे गणित करू. 2018 मध्ये अडकलेले 100 रुपये वर्षाला 12 टक्के चक्रवाढीने सहा वर्षांत 197 रुपये होतात. म्हणजे सहा वर्षांनी ‘दुप्पट’ मिळाले तर त्यात नफा शोधायला भिंग लागेल. ती व्याजाची भरपाई झाली. शाहांना धीर होता आणि कुवतही. ज्याने फ्लॅट गहाण ठेवून सिनेमा काढला त्याचे खाते तिसऱ्या वर्षीच थकीत झाले असते.

दुसरे गणित थिएटरातले. प्रेक्षकाला हे सहसा माहीत नसते. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठा संप झाला, दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट लागले नाहीत. त्यानंतर जो समझोता झाला त्यात हिंदी चित्रपटांसाठी वाटपाचे प्रमाण असे ठरले: कर वजा जाता जे उरते त्यातून चित्रपटाच्या बाजूला पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि चौथ्यापासून 30. म्हणजे करापलीकडचे 100 रुपये देणारा प्रेक्षक पहिल्या आठवड्यात गेला तर निर्मात्याकडे 50 जातात, तोच प्रेक्षक त्याच खुर्चीत चौथ्या आठवड्यात बसला तर 30.

मोठ्या नटाच्या चित्रपटाला याचे काही वाटत नाही. त्याची गर्दी पहिल्या तीन दिवसांतच येते. पण ज्याच्याकडे नट नाही, जाहिरातीला पैसा नाही, त्याची सारी भिस्त ऐकीव शिफारशीवर. आणि शिफारस कशी चालते? कोणीतरी शनिवारी पाहणार, सोमवारी ऑफिसात सांगणार, ऐकणारा पुढच्या रविवारचा बेत करणार. तोवर पुढचा शुक्रवार येऊन गेलेला असतो आणि त्या चित्रपटाला सकाळी साडेनऊचा एक खेळ उरतो. म्हणजे प्रेक्षक जमू लागतो तेव्हा पडदा नसतो, आणि पडदा असला तरी वाटा उतरलेला असतो.

याला अपवाद आहेत. ‘तुंबाड’च्या आठवडाभर आधी, 5 ऑक्टोबर 2018 ला आलेला श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ संथ सुरू झाला आणि लोकांच्या तोंडी प्रसिद्धीवर चढत गेला, राष्ट्रीय पुरस्कारांपर्यंत पोचला. रहस्यपट, पुण्यात घडणारा, शेवट काय याबद्दल लोक अजून वाद घालतात. पण त्यात आयुष्मान खुराना आणि तब्बू होते. नाव असले की पडदेवाला दुसऱ्या आठवड्याची वाट पाहतो. नाव नसले की पाहत नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण. 2017 च्या जुलैत ‘लपाछपी’ नावाचा मराठी भयपट आला होता. दिग्दर्शक विशाल फुरिया, मुख्य भूमिकांत पूजा सावंत आणि उषा नाईक. डोक्यावर कर्ज झालेला नवरा गरोदर बायकोला घेऊन उसाच्या फडातल्या एका घरात लपायला जातो. (भयकथेची सुरुवात थकलेल्या कर्जाने होते हे मी तरी स्वाभाविक मानतो.) पुढे जे दिसते ते भूत आहेच, पण त्यामागे मुलगी नको म्हणणारे घर आहे, आणि त्या घराची भीती भुताहून जास्त वाटते. उसाचा फड भरदुपारच्या उन्हात इतका भेसूर दिसू शकतो हे मला ठाऊक नव्हते.

हा चित्रपट आपल्या बडोद्यात लागल्याचे मला तरी आठवत नाही. चार-पाच घरी विचारले, कोणालाच आठवत नाही. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये चांगल्या वेळेचा खेळ देण्याचा नियम महाराष्ट्र सरकारचा, त्याची हद्द वापीच्या अलीकडे संपते. मग नोव्हेंबर 2021 मध्ये याच दिग्दर्शकाने हीच गोष्ट हिंदीत ‘छोरी’ नावाने केली, नुसरत भरुचाला घेऊन, थेट ओटीटीवर. ती आपल्यातल्या अनेकांनी पाहिली आणि वाहवा केली. मूळ मराठी आहे हे कितीजणांना ठाऊक होते?

बडोद्यात राहिल्याने या प्रकरणाची दुसरी बाजूही आपल्याला जवळून दिसते. फेब्रुवारी 2023 मध्ये कृष्णदेव याज्ञिक यांचा गुजराती ‘वश’ आला. एक अनोळखी माणूस एका कुटुंबातल्या मुलीला वश करतो, तो सांगेल ते ती करते, बस, एवढीच गोष्ट. शेजारच्या पटेलांनी मला बळेच नेले होते. वर्षभरात, 8 मार्च 2024 ला, त्याचा हिंदी अवतार ‘शैतान’ आला, अजय देवगण आणि माधवन यांचा, आणि 100 कोटींच्या पुढे गेला. मुलीच्या भूमिकेत जानकी बोडीवाला दोन्हीकडे तीच. पण इथे गोष्ट संपली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘वश’ सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपट ठरला, जानकीला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच महिन्यात दुसरा भाग गुजराती व हिंदी डब अशा दोन्ही रूपांत एकदमच लागला. यावेळी त्यांनी हिंदीवाल्याची वाट पाहिली नाही.

गुजरातीला हे जमले कारण पहिल्या आठवड्यात तिकीट काढणारा प्रेक्षक घरचा होता. आपण मराठी माणसे मात्र इथे येऊन पाच-सहा पिढ्या झाल्या, सयाजीरावांच्या काळापासून दांडिया बाजार, रावपुरा आपलेच समजतो, नाटकाला आजही सभागृह भरतो, पण मराठी चित्रपट "ओटीटीवर येईल तेव्हा पाहू" या खात्यावर टाकतो.

कमी खर्चाचा, दुर्लक्षित म्हणून प्रत्येक चित्रपट हिरा असतो असे मी म्हणत नाही. निवृत्तीनंतर असे बरेच पाहिले. निम्म्यांत दार करकरणे आणि मांजर उडी मारणे यापलीकडे काही नव्हते. रामसे बंधूंच्या चित्रपटांना आम्ही तरुणपणी हसत असू, पण त्यांचा ‘पुराना मंदिर’ 1984 मध्ये जोरात चालला, कारण तेव्हा गावोगावी स्वस्त तिकिटाची टॉकीज होती आणि हसायला येणाराही पैसे देऊनच येत होता. ती टॉकीज गेली. स्वस्त सिनेमा राहिला, स्वस्त खुर्ची राहिली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, चांगलेच झाले, पण रविवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्समध्ये 100 रुपयांची खुर्ची मला कोणी दाखवावी.

एक गोष्ट मला स्वतःलाच अडचणीत टाकते. ‘तुंबाड’ मराठीत असता तर तो 2024 मध्ये बडोद्यात परत लागला असता का? नसता. ‘मुंज्या’चेही तेच. कोकण, पिंपळ, मुंजीनंतर मेलेला मुलगा, सारे आपले, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, आणि चित्रपट हिंदी. म्हणून चालला आणि म्हणून आपल्यापर्यंत पोचला. आपली भुते आपल्याकडे हिंदीतून येतात याचे वाईट वाटावे की आली हे बरे म्हणावे, मला ठरवता येत नाही. नातीने चित्रपटानंतर विचारले, "हे धारप कोण?" ती गुजराती माध्यमातली, पण हिंदीमुळे देवनागरी वाचते. कपाटातला धारपांचा एक जुना कथासंग्रह दिला. पहिल्या कथेला चार दिवस लागले, तिसरी एका रात्रीत संपली. आता मतकरी मागते आहे.

तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी एक साधा प्रस्ताव ठेवला आहे. हॉलमध्ये कोणाच्या तरी ओटीटी खात्यावरून चित्रपट दाखवू नये, ते वर्गणी खाते घरगुती पाहण्यासाठी असते, सार्वजनिक खेळाला वेगळी परवानगी लागते. त्याऐवजी मराठी रहस्यपट किंवा भयपट येणार असे कळले की आधीच नावे गोळा करून पहिल्या शनिवार-रविवारचा एक खेळ इथल्या मल्टिप्लेक्सकडे एकगठ्ठा मागावा. मी एका व्यवस्थापकांशी बोललो. ते म्हणाले, "काका, किमान 60 तिकिटांची हमी द्या, मग वितरकाकडे प्रिंट मागतो."

माझ्या वहीत आज 41 नावे आहेत. त्यांतली 6 जणांची "भुताचा नको, दुसरा काही असेल तर" या अटीवर आहेत, ती मी सध्या धरलेली नाहीत. उरलेल्यांनी शनिवारी संध्याकाळी वाचनालयात येऊन सही करावी. पैसे आत्ता नकोत.